आमदारसाहेब, आमसभेची तारीख सांगा

प्रति,
माननीय आमदार,
आमचा विधानसभा मतदारसंघ

स.न.वि.वि.

साहेब, पंचायत समितीच्या फलकावर गेल्या आठवड्यात एक कागद लागला. ‘वार्षिक आमसभा अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात आली आहे. पुढील दिनांक यथावकाश कळविण्यात येईल.’ खाली गटविकास अधिकाऱ्यांची सही. कारण कोणतं ते नाही आणि यथावकाश म्हणजे कधी तेही नाही. आमसभेचे, म्हणजे सगळी खाती लोकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरं देतात त्या सभेचे, अध्यक्ष तुम्ही. तारीख तुमच्या सोयीने ठरते आणि तुमच्याच सोयीने पुढे जाते, म्हणून हे पत्र बीडीओंना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण मागचं निवेदन बंद पाकिटात दिलं होतं. तुमच्या संपर्क कार्यालयात त्यावर आवकचा शिक्का बसला, पोच मिळाली आणि गोष्ट तिथेच संपली.

तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, पीकविमा, पोलीस भरती, सगळं इथेच होतं. कागद काढायला आलेला माणूस कागद घेऊन लगेच जात नाही. तो विचारतो. ‘ताई, बायपास नक्की कुठून चाललाय?’ ‘कॅनॉलला पाणी कधी सुटणार?’ ‘दवाखाना मोठा होणार होता ना, मग अजून भिंतसुद्धा कशी नाही?’ मी कुठल्या पक्षाची नाही, सरकारी नोकर नाही. तरी हे प्रश्न माझ्या काउंटरवर येतात, कारण दुसरं कुठे विचारायचं ते लोकांना ठाऊक नाही. आणखी एक आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या तुमचा एखादा कार्यकर्ता शोधून काढील: बायपाससाठी घ्यायच्या जमिनींच्या यादीत आमच्या दिरांचाही एक गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, आहे.

तुम्ही काम करत नाही, असं माझं म्हणणं नाही. उलट काही बाबतींत तुम्ही लोकांना वाटतं त्याहून जास्त केलेलं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. तक्रार एवढीच, की आमच्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल जे ठरतं ते तुम्हाला आधी कळतं आणि आम्हाला कळेपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असतो.

बायपासचंच घ्या. मागच्या पावसाळ्यात शासकीय विश्रामगृहावर महामार्गाच्या अधिकाऱ्यांबरोबर तुमची बैठक झाली. त्याचा फोटो तुमच्या पानावर आला. टेबलावर मोठा नकाशा पसरलेला, तुम्ही त्यावर बोट ठेवून काही दाखवताय, भोवती दहा-बारा जण. तो फोटो मी दुकानात मोठा करून पाहिला, बऱ्याच जणांनी करायला लावला. तुम्ही स्पष्ट दिसता, अधिकारी स्पष्ट दिसतात, मागचे कार्यकर्तेही ओळखू येतात. नकाशा तेवढा दिसत नाही. खाली लिहिलं होतं, ‘शहराच्या वाहतूककोंडीवर कायमस्वरूपी तोडगा.’ कोणत्या गावाच्या शिवारातून, ओढ्याच्या अलीकडून की पलीकडून, याबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतर कित्येक महिने या एका फोटोवर तालुक्यात जमिनींचे सौदे झाले. कोणी म्हणे रस्ता पूर्वेकडून जाणार, कोणी म्हणे साखर कारखान्याच्या मागून. पूर्वेकडच्या दोघा-तिघांनी भीतीने पडेल भावात विकून टाकलं. घेणारे बाहेरचे होते. त्यांना कुठून काय कळलं होतं, ते मी म्हणत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्यांना काहीच कळलेलं नव्हतं ते विकणारे होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचे सातबारे मीच काढून दिले.

मग एक दिवस एक आजोबा वर्तमानपत्राचं पान घडी घालून घेऊन आले. म्हणाले, ‘पोरी, ही अक्षरं मोठी करून दे, मला माझा गट शोधायचाय.’ ती थ्री-ए ची, म्हणजे महामार्गासाठी कोणती जमीन घ्यायचा इरादा आहे ते जाहीर करणारी, अधिसूचना होती. पानभर कोष्टक, मुंगीएवढ्या अक्षरांत गट क्रमांक आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. मी चार तुकड्यांत ए-थ्री कागदावर मोठं करून दिलं आणि तेव्हा वरची तारीख वाचली. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाप्रमाणे हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. हे २१ दिवस राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या तारखेपासून मोजतात, पेपरात छापून आलेल्या नव्हे, आणि आजोबांच्या नातवाने पान दाखवलं त्या दिवसापासून तर नव्हेच. राजपत्र दिल्लीत निघतं, त्यानंतर पेपरात येतं, त्यानंतर कोणाच्या तरी हाती लागतं. आजोबा आले तेव्हा हातात कामाचे तीन-चार दिवस उरले होते, त्यात एक रविवार.

पुढचे दोन-तीन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चाकणला, पिंपरीला, भिवंडीला कामाला असलेली पोरं फोनवर विचारत होती, ‘मावशी, आमचा गट आहे का बघ ना.’ हरकत अर्जाचा नमुना कोणाकडे नव्हता. एका वकिलाने लिहून दिला त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या. कितीतरी लोकांनी त्यात एकच वाक्य लिहिलं, ‘आमची जमीन घेऊ नये.’ विहीर आहे, पाइपलाइन आहे, फळबाग आहे, उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नाही, हे मुद्दे मांडायला हवेत हे सांगणारं कोणी नव्हतं. प्रांताधिकारी सुनावणी घेतात ती याच अर्जांवर. पुढे थ्री-डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारच्या नावे होते आणि मग भांडण उरतं ते फक्त मोबदल्याचं.

साहेब, तुम्ही त्या नकाशावर बोट ठेवलं होतं. अधिसूचना निघाली त्या दिवशी तुमच्या कार्यालयातून बायपासच्या वाटेवरच्या सात गावांच्या सरपंचांना फक्त यादी गेली असती, तर बाकीचं लोकांनी पाहून घेतलं असतं. रस्ता हलवा असं कोणी म्हणत नव्हतं. रस्ता हवाच आहे, बाजारच्या दिवशी चौकात काय होतं ते आम्हीच भोगतो.

आता दवाखाना. चौकात फ्लेक्स लागला त्याला वर्ष होऊन गेलं. ‘३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन मंजूर! कार्यसम्राट आमदारांचे जाहीर आभार.’ ढोल वाजले, पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला. बाळंतपणाची केस रात्री अडली की इथून जिल्ह्याला पाठवतात, त्या रस्त्यावर काय काय झालंय ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

पण सरकारी काम किती पायऱ्या चढून येतं, हे माझ्यासारखी रोज कागद हाताळणारी बाई थोडंफार जाणते. आधी तत्त्वतः मान्यता. मग शासन निर्णय. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. दवाखान्याच्या बाबतीत याशिवाय पदनिर्मिती, म्हणजे डॉक्टर-नर्सची पदं वित्त विभागाने मान्य करणं, आणि मग ती भरणं. फ्लेक्सवर यातली कोणती पायरी होती? कोणालाच माहीत नव्हतं. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांनाही नव्हतं, मी विचारलं.

उत्तर मला सापडलं ते तुमच्याकडून नाही, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर. प्रश्नोत्तरांच्या याद्या तिथे असतात, कोणालाही उघडता येतात. आणि तिथे मला तुमचा प्रश्न दिसला. चांगला प्रश्न होता, खरंच. ‘हे खरे आहे काय’पासून सुरुवात, पुढे ‘असल्यास’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. खाटा किती, पदं किती रिक्त, प्रस्ताव कुठे अडला, सगळं तुम्ही नेमकं विचारलं होतं. मंत्र्यांचं उत्तर होतं, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि पुढे, पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे.

म्हणजे चौकात आभाराचा फ्लेक्स झळकत असताना सभागृहात तुम्ही स्वतःच विचारत होता की हे काम का अडलंय. यातलं सभागृहातलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. त्याचा फ्लेक्स लागला नाही. तो लागला असता तर लोकांना कळलं असतं की दवाखाना अजून आलेला नाही, तुम्ही त्यासाठी भांडताय आणि त्यांनीही तुमच्यामागे उभं राहायला हवं. ग्रामसभांचे ठराव गेले असते, बायकांनी सह्या दिल्या असत्या. आम्ही पेढे खाऊन घरी बसलो. मागणी मंजूर झाली असं समजून कोण मोर्चा काढतो?

पाण्याचं थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्हाला पाठ आहे. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, ठरवते. त्या बैठकीत तुम्ही बसता. बैठकीनंतर डाव्या कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला काय कळतं? पाणी सुटल्यावर कळतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं तर. सात नंबरचा पाणी मागणी अर्ज माझ्या दुकानात गठ्ठ्याने छापून पडलेला असतो आणि माणूस विचारतो, ‘ताई, आवर्तनं दोन आहेत की तीन?’ दोन असतील तर तो हरभरा करील, तीन असतील तर गहू नाहीतर कांदा. बियाणं त्याला बैठकीच्या आठवड्यातच घ्यावं लागतं. हा आकडा सांगायला एक ओळ पुरते. गेल्या हंगामात ती ओळ वरच्या गावांत तुमच्या जवळच्या मंडळींना माहीत होती आणि टेलला नव्हती. वरच्यांनी गहू पेरला. खालच्यांनी अंदाजाने पेरला.

आणि लाडक्या बहिणींचं. योजना २०२४ साली आली तेव्हा तुमच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फॉर्म भरून घेतले, मंडप टाकून शिबिरं घेतली. माझ्या दुकानातल्या गर्दीला त्याने मोठा हातभार लागला, मी ते विसरलेले नाही. मग १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सक्तीची झाली. दोन महिन्यांची मुदत. स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी येणार. ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचं, हे किती दिवस कोणी सांगू शकत नव्हतं. बायका रात्री उशिरापर्यंत बसून राहत, कारण संकेतस्थळ रात्री जरा चालायचं. एक विधवा बाई सासऱ्यांच्या आधारवर होतं का म्हणून विचारायला तीनदा पायपीट करून आली. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे असं ठरलं. त्या काळात शिबिर नव्हतं, मंडप नव्हता. विधानसभेची निवडणूक नव्हती म्हणून, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, पण लोकांचं तोंड धरवत नाही.

आमदार निधीबद्दल. वर्षाला पाच कोटी. पाच वर्षांचे पंचवीस होतात. काम तुम्ही सुचवता, मान्यता जिल्हाधिकारी देतात, यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. मी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात ती मागवू शकते, मागवेनही. पण माहितीचा कायदा देशात २००५ साली आला, त्याच्या आधीच महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करून ठेवला होता. त्या राज्यात एका मतदाराने आपल्याच आमदाराने सुचवलेल्या कामांची यादी अर्ज करून मिळवावी, हे तुम्हाला तरी बरं वाटतं का? गावातल्या पेव्हर ब्लॉकशेजारच्या फलकावर तुमचं नाव हातभर उंचीचं आहे. रक्कम, ठेकेदार, काम संपायची तारीख यांच्यासाठी जागा उरलेली नाही. आमच्या वॉर्डातल्या सभामंडपाचा फलक तर रंगवून झाल्यावर सभामंडपाच्या आधी उभा राहिला होता.

‘एवढ्या लोकांपर्यंत पोचायचं कसं’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. दर दिवाळीला तुमच्या फोटोचं उटणं घरात येतं. जानेवारीत कॅलेंडर येतं, वाडीवस्तीवरसुद्धा येतं, आमच्या स्वयंपाकघरात तेच लावलेलं आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक घरात पोचते आणि मुंबईत राहणाऱ्याला ‘गाडी पाठवतो, या’ म्हणून फोन जातो. कोण कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा कुठे कामाला, हे तुमच्या माणसांना तहसीलदारांपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या पानामागे तुमच्या कार्यक्रमांचे फोटो आहेत. तिथे आवर्तनाच्या तारखा छापता आल्या असत्या.

मधल्या काळात तर तुमच्याखेरीज आम्हाला कोणीच नव्हतं. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या, नगरपालिकेत प्रशासक, जिल्हा परिषदेत प्रशासक, पंचायत समितीत प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावलं तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपालिकेचं मतदान झालं. इतकी वर्षं शहरात नगरसेवक नाही, जिल्हा परिषदेच्या गटात सदस्य नाही. प्रशासकाला प्रश्न विचारायचा तर आधी शिपायाला विचारायचं. गावच्या सरपंचाच्या वर तालुक्यात निवडून दिलेला माणूस उरला होता तो एक तुम्ही. अशा वेळी आमसभा दर वर्षी व्हायला हवी होती, तर नेमकी तीच थांबली. तुमच्या मागच्या कारकिर्दीत एकदा झाली, तीही उरकल्यासारखी. या कारकिर्दीत अजून नाहीच.

नव्या पोरांना आमसभा म्हणजे काय तेही माहीत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. पंचायत समितीच्या सभागृहात व्यासपीठावर आमदार, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सगळी खाती ओळीने. तहसीलदार, बीडीओ, महावितरणचे उपअभियंता, पाटबंधारेवाले, बांधकामवाले, भूमी अभिलेख, कृषी अधिकारी, एसटीचे आगारप्रमुख. समोर लोक. मी सासरी नवी असताना सासऱ्यांबरोबर एकदा गेले होते. एक शेतकरी उठला आणि म्हणाला, डीपी जळून महिना झाला, वायरमन म्हणतो वरून ऑइल नाही आलं. आमदारांनी उपअभियंत्याकडे पाहिलं, ‘कधी बसेल?’ तो म्हणाला, ‘पाहतो साहेब.’ आमदार म्हणाले, ‘पाहतो नको, वार सांगा.’ त्याने माइकवर वार सांगितला आणि कारकुनाने तो इतिवृत्तात लिहिला. पुढच्या आमसभेत पहिला विषय मागच्या इतिवृत्ताचा असायचा, त्यामुळे वार पाळावा लागायचा. गोंधळ व्हायचा, आरडाओरड व्हायची, दोन-चार लोक फक्त भाषण ठोकायला उठायचे. पण कोणतं काम कुठे अडलंय हे सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळायचं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. आमसभेत विरोधक माणसं पेरतात, मोबाइलवर चित्रण करतात, अर्धवट तुकडा फिरवतात. अधिकारीही तुमच्या कानात सांगत असतील की कशाला नसती डोकेदुखी. त्यापेक्षा जनता दरबार बरा, तिथे एकेक जण येतो, अर्ज देतो, हात जोडतो आणि जातो. पण जनता दरबारात माझं काम मला कळतं, शेजारणीचं तिला कळतं. सात गावांच्या जमिनीचा प्रश्न असा एकेकट्याने सुटत नाही. आणि अर्धवट तुकडे फिरतातच साहेब, आत्ताही फिरताहेत, कारण पूर्ण गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

हे तालुक्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, असंही नाही. हिवरे बाजारला गावाच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, त्यावर कोणतं पीक घ्यायचं, हे सगळ्यांसमोर ठरतं. पोपटराव पवारांनी ते कुठल्या मोठ्या यंत्रणेच्या जोरावर केलेलं नाही. तुमच्याकडे तर स्वीय सहायक आहेत, कार्यालय आहे, फोटो काढणारा पगारी मुलगा आहे.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या माझ्या एकटीच्या नाहीत, खाली सह्यांचे कागद जोडले आहेत.

आमसभेची तारीख जाहीर करा. अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या आधी जमत असेल तर उत्तम. नसेल जमत तर अधिवेशन संपल्यावर पहिल्या पंधरवड्यात. तारीख किमान दोन आठवडे आधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे आणि मागच्या आमसभेचं इतिवृत्त, त्यातल्या कोणत्या प्रश्नाचं काय झालं यासह, सभेआधी मिळालं पाहिजे.

बायपासची सात गावांची गटवार यादी आणि नकाशा, वाचता येईल एवढ्या आकारात, त्या त्या ग्रामपंचायतीत आणि चावडीवर लावा. सुनावणीच्या तारखा खातेदाराला निघायला वेळ मिळेल इतक्या आधी कळू द्या, कारण निम्मे खातेदार बाहेरगावी आहेत. ज्यांची हरकत मुदतीनंतर पोचली त्यांचं म्हणणं निदान ऐकून तरी घ्यावं, यासाठी तुम्ही प्रांतांकडे शब्द टाका. कायद्यात त्यांना किती मोकळीक आहे ते तेच सांगतील, पण विचारायला तुम्ही गेलात तर फरक पडेल. यापुढे तालुक्यातल्या कोणत्याही भूसंपादनाची अधिसूचना निघाली, मग ती रस्त्याची असो, कालव्याची असो की विजेच्या टॉवरची, तर ती त्याच दिवशी सरपंचांच्या हातात पडावी.

तुमच्या नावाने कोणतंही काम ‘मंजूर’ म्हणून जाहीर होईल तेव्हा फ्लेक्सवर शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक छापा, आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहा. दवाखान्याच्या फ्लेक्सपासून सुरुवात करा. तो अजून चौकात आहे, रंग उडालाय तेवढा.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर आवर्तनं किती आणि कधी, हे दुसऱ्या दिवशी टेलपर्यंतच्या गावांना कळवा. टेलपासून वर कळवत आलात तर आणखी बरं.

आमदार निधीची या कारकिर्दीतली यादी, काम, गाव, रक्कम, टप्पा अशा चार रकान्यांत, पंचायत समितीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लावा. दर सहा महिन्यांनी नवी.

शेवटची मागणी तुमच्याच फायद्याची आहे. वर्षाला तीन अधिवेशनं होतात. प्रत्येकानंतर एक पानभर लिहा: आपल्या मतदारसंघाबद्दल मी हे प्रश्न विचारले, या लक्षवेधी लावल्या आणि सरकारने हे उत्तर दिलं. उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असेल तर तसंच छापा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असेल तर तेही छापा. तो मजकूर संपर्क कार्यालयाच्या दारावर लावला तरी चालेल. छपाईची अडचण असेल तर मजकूर माझ्याकडे पाठवा. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना पुरतील एवढ्या प्रती मी काढून देईन, मजुरी घेणार नाही. कागद आणि टोनर तुमचं.

कळावे,
आपली,
तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सवाली

ता. क. पत्र वाचल्यावर तुमच्याकडून कोणी दुकानात येऊन ‘ताई, साहेबांना भेटून घ्या ना, कशाला लिहीत बसता’ असं सांगेल, याचा मला अंदाज आहे. मी भेटायला येणार नाही. आमसभेला येईन. उत्तर द्यायचं झालं तर पंचायत समितीच्या त्याच फलकावर, तो ‘यथावकाश’चा कागद काढून, तिथे लावावं.